दादाच्या होडीतलं होकायंत्र

सुईताईच्या खोलीत शिरायचं तर आधी खिसे रिकामे करावे लागायचे. दाराशी एक लाकडी खोकं ठेवलेलं असे. किल्ल्या, चाकू, घड्याळ, मोबाइल, सगळं त्यात टाकायचं आणि मगच उंबरा ओलांडायचा. कुणी कुरकुरलं, "अहो ताई, एवढीशी तर किल्ली आहे," तर ती मान वर न करता म्हणायची, "सुईपण एवढीशीच आहे."

होकायंत्रं दुरुस्त करायची आणि होड्यांमध्ये बसवायची, हा तिचा धंदा. एखादी सुई उत्तर सोडून भलतीकडे बघायला लागली, की धक्क्यावरचे झाडून सगळे तिच्याकडे धाव घ्यायचे. म्हणून ती सुईताई. एकदा नवीनच आलेल्या एका खलाशाने नाव ऐकून तिच्याकडे फाटका सदरा आणला होता. तिने तो मुकाट्याने शिवून दिला आणि वर सुनावलं, "वाट चुकलास तरी इथेच ये, तेही काम करते मी."

तिच्या टेबलावर लोखंडाचा कण सापडायचा नाही. स्क्रू पितळी, ते फिरवायचं हत्यारही पितळी. केसांत पिन नाही, साध्या दोऱ्याने बांधलेले. आणि बोलणं कसं, तर मोजकं. "चालेल", "होईल", "बघू" हे शब्द देवाने तिला दिलेच नव्हते. होडी चहूबाजूंनी फिरवून, प्रत्येक दिशा ताडून बघितल्याशिवाय तिच्या तोंडून "ठीक आहे" निघत नसे. मालक घाईला आलेला असो, नाहीतर हातघाईला. पण एकदा ती "ठीक आहे" म्हणाली, की ती काळ्या दगडावरची रेघ. मग खलाशांच्या बायका निर्धास्त झोपायच्या.

हे सगळं उभं राहिलं ते तिच्या थोरल्या भावामुळे. संसार मोडून ती माहेरी परत आली तेव्हा नातेवाइकांनी कपाळाला हात लावले होते. दादाने लावला नाही. त्याने धक्क्यावरची ही अडगळीची खोली झाडून काढली, खिडकीला काच बसवली आणि म्हणाला, "लोक काय म्हणतात ते मी बघतो. तू तुझं काम बघ." त्यावर दोघं पुन्हा कधी बोलली नाहीत. पण ती ते विसरली नव्हती. विसरण्यासारखं होतं का ते?

दादाने स्वतःच्या हाताने एक छोटी शिडाची होडी बांधली होती. माणूस आता सत्तरीला टेकलेला, पण पहाट झाली की पाण्यात. होकायंत्र मात्र नको म्हणायचा. "किनारा मला ओळखतो," हे त्याचं पालुपद. आणि मग एके दिवशी दाट धुकं उतरलं आणि किनाऱ्याने ओळखच दाखवली नाही! भलत्याच खाडीत जाऊन लागला पठ्ठ्या. इकडे वहिनी, म्हणजे त्याची बायको, दिवसभर धक्क्यावर उभी. तो परत आल्यावर ती ओरडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "अहो, होकायंत्र बसवायचं. आणि ताईंनी त्यांच्या तोंडाने 'ठीक आहे' असं मला सांगेपर्यंत दोर सोडायचा नाही. नाहीतर होडी विकायची." वहिनी एरवी गरीब गाय, पण या खेपेला तिचा आवाज ऐकून दादाने मूग गिळले.

अशी ती होडी सुईताईच्या हाती आली. तिने पुढच्या नाळेपासून मागच्या टोकापर्यंत बरोबर मधोमध एक दोरी ताणली, त्या दोरीवरून रेघ आखली आणि केबिनच्या लाकडी भिंतीला, सुकाणू धरणाऱ्याच्या समोर, गोल भोक पाडायला घेतलं. ती फळी दादाने स्वतः रंधली होती. भोक पडताना त्याला बघवेना. पाठ फिरवून तो समुद्राकडे बघत उभा राहिला. "झालं का गं?" "अजून सुरूपण केलं नाही, दादा." होकायंत्र बसलं, खाली रबर बसलं, पितळी स्क्रू आवळले. देखणं दिसत होतं. दादालाही आवडलं, पण कबूल करील तर तो दादा कसला!

मग तपासणी. दीपगृह आणि त्यामागची पाण्याची टाकी एका रेषेत दिसू लागली, की होडीचं तोंड नेमकं कुठल्या दिशेला आहे ते नकाशावरून ठाऊक असतं. सुईने तेच दाखवलं पाहिजे. दादा सुकाणूशी बसला, ताई सुईसमोर उकिडवी. टाकी दीपगृहामागे आली. आणि सुई? चांगली हातभर बाजूला म्हणा ना, अशी भलतीकडे!

"तुझं यंत्रच खोटं," दादा म्हणाला.

धक्क्याला परत आणवून ताईने होडी उपसायला सुरुवात केली. नांगर काढला, स्टोव्ह काढला, हत्यारांची पेटी, बादली, बिस्किटांचा डबा, जे लोखंडाचं असेल ते बाहेर. त्या ढिगाकडे बघून भंगारवाल्याने नक्की भाव विचारला असता. दादाचे खिसे तर तिने आधीच रिकामे करवले होते. पुन्हा पाण्यात. पुन्हा सुई चुकलेली. यंत्र काढून खोलीत नेऊन पाहिलं, तिथे शहाण्या मुलीसारखी सरळ. होडीत बसवलं की आली तंद्रीत. धक्क्यावर बसलेले रिकामटेकडे आता रंगात आले. "ताई, दादांच्या डोक्यातच लोखंड असेल, बघा!" दादाही हसला, पण जरा उशिरानेच.

दुपार कलली तेव्हा एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. दादा डाव्या बाकावर बसला की सुई एकीकडे चुकत होती, उजव्या बाकावर सरकला की दुसरीकडे. होडीतलं लोखंड कसं, तर जिथल्या तिथे बसून खोड्या काढतं. हे लोखंड जागा बदलत होतं. आणि होडीत जागा बदलणारं होतं कोण? काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

"दादा, सुकाणू माझ्याकडे दे. तू पुढे नाळेवर जाऊन बस."

"माझ्या होडीत सुकाणू मीच..."

"ऊठ म्हणते ना."

तो उठला. एका हाताने छताची कड धरून, दात आवळून, हळूहळू पुढे गेला. एकेका पावलासरशी सुई फिरत आली आणि बरोबर जागेवर उभी राहिली. पण ताईचं लक्ष सुईकडे नव्हतंच. ती भावाची पाठ बघत होती.

"कंबरेला काय बांधलंयस?"

तो आधी उडवाउडवी करू लागला. मग त्याने स्वेटर वर केला. आत कंबरदुखीवरचा रुंद पट्टा होता, ओळीने चुंबकं शिवलेला. बाजारात मिळतो तसला.

"कधीपासून?"

"हिवाळ्यापासून." त्याचा आवाज खाली आला. "वाकलं की कळ डोक्यात जाते. नांगर ओढताना डोळ्यांपुढे काजवे चमकतात. पण तुझ्या वहिनीला कळलं तर होडी गेलीच म्हणून समज. अगं, मग मी काय करू? खिडकीत बसून लोकांच्या होड्या मोजू?"

या माणसाला ताईने कधी कशाची भीक मागताना पाहिलं नव्हतं.

"पट्टा काढून ठेवतो," तो म्हणाला. "मग तर सुई बरोबर आहे ना? तुला खोटं बोलायचं नाहीये. होडी ठीक आहे, एवढंच म्हण."

खरंच होतं ते. होडी ठीक होती. पण वहिनी काही लाकडाबद्दल विचारणार नव्हती, हे ताईला ठाऊक होतं आणि तिच्या भावालाही.

दोघं धक्क्याला लागली तेव्हा वहिनी येऊन उभीच होती, हातात चहाचा थर्मास. रिकामटेकडेही कान टवकारून बसलेले. वहिनीने थर्मास खाली ठेवला आणि सरळ विचारलं, "ताई, सांगा. सोडू का यांना?"

ताईने भावाकडे पाहिलं. खिडकीला काच बसवणारे ते हात आता होडीची कड घट्ट धरून होते. तिने ओठ ओले केले. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि दादाला दिसलं की ही बोलणार. आयुष्यभर सांभाळलेला शब्द ही आज आपल्यासाठी पाण्यात टाकणार.

"वहिनी," ताई म्हणाली, "होडी..."

"थांब," दादा ओरडला. एवढ्या जोरात, की ताई दचकली. "तू नको बोलूस. तुझ्या तोंडून नको." त्याने स्वेटर वर केला, सगळ्यांदेखत पट्ट्याची पट्टी खर्रकन सोडली आणि पट्टा बायकोच्या हातात दिला. "हिवाळ्यापासून कंबर गेलीय माझी. तुझ्यापासून लपवलं. हिच्यापासूनही लपवलं. आता वीक होडी, मी अडवणार नाही."

वहिनीने पट्टा उलटसुलट करून पाहिला. तिचे डोळे भरून आले होते आणि रागही आला होता, दोन्ही एकदमच.

"नांगर कोण ओढतं?" तिने विचारलं.

"मीच. आणखी कोण?"

"हिवाळाभर? त्या कंबरेने?" तिने पट्टा थर्मासशेजारी ठेवला, चपला काढल्या आणि ताईपुढे हात केला. "धरा मला, ताई. आणि नांगर कसा ओढायचा ते आत्ता दाखवा. यांना विचारलं तर म्हणतील, तुला जमायचं नाही."

ताईने धक्क्यावरच्या ढिगातला नांगर आत ओढून घेतला आणि तिचा हात धरून तिलाही होडीत घेतलं. होडी चांगलीच डुलली. दादा तोंड फिरवून डोळे पुसत होता, आणि वहिनी त्याला म्हणत होती, "अहो, सरका जरा तिकडे, मला बसू तरी द्या."