माळ्यावरचं सारवण

माझ्या बायकोचं माहेर कल्याणच्या पुढे, मुरबाडच्या रस्त्यावरून आत वळल्यावर लागणाऱ्या एका गावात. गेल्या मार्गशीर्षात तिचं वर्षश्राद्ध झालं. जेवणं उरकल्यावर तिचे मोठे भाऊ मला डोंबिवलीतल्या आमच्या गॅलरीत घेऊन गेले. मीही त्यांना तिच्यासारखंच दादा म्हणतो.

"भावजी, जुनं घर आता उतरवावं म्हणतो," ते म्हणाले. "ती हाय तवर हात लावणार नाय असा शब्द दिलेला तिला. लावला नाय."

"मला सांगितलं होतं तिने."

"होळी झाली का माणसं येतील. त्याच्या आधी एकदा येऊन जावा. त्यातलं तुमाला काय पायजे ते बघून ठेवा. खांब म्हणा, दरवाजा म्हणा. तिची आठवण."

त्या भागात घर 'पाडलं' म्हणत नाहीत, 'उतरवलं' म्हणतात. मी येतो म्हटलं. ते गेल्यावर मात्र लक्षात आलं, की काय हवं ते मला ठाऊकच नाही. डोंबिवलीच्या घरात तिचं म्हणून जे आहे ते खरं तर दोघांचं आहे. कपाट आम्ही मिळून घेतलं, पुस्तकांची मांडणी मिळून लावली, तिच्या चष्म्याची फ्रेमसुद्धा मी पसंत केलेली. माझ्याशी लग्न होण्याआधीची ती मला फक्त त्या जुन्या घरात दिसायची. ओटीच्या पायरीवर बसली की तिची बोली बदलायची, हसणं बदलायचं. ते घर गेल्यावर ती मुलगी कुठे शोधायची, एवढाच माझा प्रश्न होता. खांब किंवा दरवाजा हे त्याचं उत्तर वाटत नव्हतं.

मी वर्तकनगरच्या वसाहतीत वाढलो. तिथे सगळ्या खोल्या एकाच मापाच्या. शेजारच्यांच्या घरी गेलं तरी मोरी कुठे असेल हे डोळे मिटून सांगता यायचं. त्यामुळे लग्नानंतर पहिल्यांदा तिच्या माहेरी गेलो तेव्हा त्या घराने मला गुंगवूनच टाकलं. ते एकदम बांधलेलं नव्हतं, हळूहळू वाढलेलं होतं. काळ्या दगडाचं गुडघाभर जोतं. त्यावर सागाचे खांब. खांबांमधल्या भिंती कुडाच्या, म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या बांधून त्यांवर दोन्ही अंगांनी शेणमाती लिंपलेली. उन्हाळ्यात भिंतीला पाठ लावली तर गारवा अंगात उतरायचा. पुढे ओटी, तिच्या दोन्ही बाजूंना पडव्या, मध्ये माजघर, मागे चूल आणि गोठा. माजघराच्या जमिनीत दगडी उखळ बसवलेलं होतं. त्यात भात सडणं कधीच बंद झालं होतं, मांजर झोपायचं.

समोरची भिंत तेवढी विटांची, निळा रंग दिलेली. ती नंतरची. कौलं मंगळुरी, तीही नंतरची. त्याआधी हाताने थापलेली नळीची कौलं होती आणि त्याआधी पेंढा. मी शाळेत इतिहास शिकवायचो. घरात पाऊल टाकलं की आधीचं काय आणि नंतरचं काय हे लावत बसण्याचा मला छंदच लागला. सासरे त्या वेळी हयात होते. त्यांना विचारलं, की कौलं कधी बदलली?

"आपली पाडी कातळावरून पडली ना, त्या साली."

"कालवड पडली ते साल कुठलं?"

"आता पाडी काय सांगून पडते?"

माजघरातल्या मोठ्या तुळईला दोन रिकाम्या खाचा होत्या. त्यांत काहीच बसत नव्हतं. याचा अर्थ तुळई आधी दुसऱ्या कुठल्यातरी घरात होती आणि तिथून इथे आली होती. ते घर कुणाचं होतं, हे सासऱ्यांनाही सांगता आलं नाही. मला त्या खाचांचं इतकं अप्रूप, की दर खेपेला मी मान वर करून त्या बघायचो. बायको चहा घेऊन यायची आणि म्हणायची, "झाला का इतिहास? चहा निवतोय." एकदा मी तिला खांब कुणी रोवले, भिंती कुणी उभ्या केल्या याची सगळी हकिकत सांगत होतो. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि तुम्ही बसलाय ती जमीन कुणी केली?" मी म्हटलं, जमीन काय, ती असतेच. ती नुसतीच हसली.

होळीच्या आदल्या आठवड्यात मी गेलो. कल्याणहून जाताना दोन्ही बाजूंना उंच इमारती आता गावाच्या वेशीपर्यंत आल्या आहेत. दादांचा नवा बंगला जुन्या घराला अगदी खेटून आहे. मधलं खळं, जिथे पूर्वी भात झोडायचे, तिथे पेव्हर ब्लॉक बसवलेत. तुळशीभोवतीची वावभर जागा तेवढी वहिनींनी मातीची ठेवायला लावली होती. दिवाळीला, लग्नकार्याला दारात सारवलेलं काहीतरी हवं, असं त्यांचं म्हणणं.

आम्ही जुन्या घरात शिरलो. दादा एकेका वस्तूला हात लावून दाखवत होते. हा दरवाजा अखंड सागाचा. हा खांब बघा, वाळवी नाय लागली अजून. मी मान डोलवत होतो. सगळं सुंदर होतं आणि त्यातलं काहीच तिचं नव्हतं. ओटीवरची जमीन वहिनींनी गेल्या दिवाळीला सारवलेली होती. बोटांच्या रेषा चंद्रकोरीसारख्या एकीवर एक चढत मागे मागे सरकत गेलेल्या.

माजघरात शिडी उभी होती. मी वर बघितलं.

"वर काय आहे?"

"माळा. पूर्वी भाताच्या कणग्या असायच्या. आता उंदरांच्या लेंड्या."

"मी कधी गेलो नाही वर."

"जावयाला माळ्यावर कोन चढवतो?" दादा हसले. मग माझ्याकडे बघून शिडी धरून उभे राहिले. "जावा. पण बांबू बघून पाय ठेवा. मोडलाव तर तिकडून ती शिव्या देईल मना."

माळ्यावर वाकूनच उभं राहता येत होतं. खाली बांबू आणि कारवी अंथरलेली, त्यावर मातीचा थर. कौलांच्या फटींतून उन्हाचे कवडसे पडले होते. माळाभर धूळ होती आणि एका कोपऱ्यात कणगी, म्हणजे भात साठवायची छातीभर उंचीची बांबूची टोपली, एका अंगावर कलंडून पडलेली. शेतजमीन रस्त्यासाठी गेली त्या वर्षापासून माळ्यावर भात चढलं नाही, हे मला ठाऊक होतं. मी कणगीला सहज हात लावला तर ती हलकी निघाली आणि बाजूला सरकली.

तिच्याखालची जमीन स्वच्छ होती. धूळ नाही, चीर नाही. सारवल्याच्या रेषा कालच ओढल्यासारख्या. मी मोबाइलचा उजेड टाकला आणि काहीतरी खटकलं. काय ते पटकन कळेना. मग मी उकिडवा बसलो आणि हवेतच हात फिरवून बघितला. रेषा उलट्या होत्या. ओटीवर त्या ज्या अंगाला वळत होत्या, त्याच्या बरोब्बर विरुद्ध अंगाला इथे वळत होत्या. उजव्या हाताने तशी चंद्रकोर काढायची तर मनगट मोडावं लागेल.

ती डावखुरी होती. जेवायची उजव्या हाताने, लिहायची उजव्या हाताने, कारण लहानपणी तसं घोटून घेतलेलं. भाजी चिरताना मात्र सुरी डाव्या हातात जायची. तिची आई आमच्याकडे राहायला आली की ती भाजीही उजव्या हाताने चिरायची आणि बोट कापून घ्यायची.

मी किती वेळ वर होतो कोण जाणे. खालून दादांची हाक आली, मग वहिनींची. "भावजी, झोपलाव का काय वर?"

उतरून मी वहिनींना विचारलं, की माळा कोण सारवायचं?

"वन्सं," त्या लगेच म्हणाल्या. "दुसऱ्या कोनाला चढूच द्याची नाय. लगीन झाल्यावर पन. दिवाळीला माहेरी आली का नवीन भात चढायच्या आधी पयला माळा. मी आपली खालून घमेली देयाची. एकदा चढली का दुपार झाली तरी उतराची नाय."

"खाली नाही सारवायची?"

"खाली सासूबाई सारवू देत्यात होय? डाव्या हातानं सारवलं तर लक्ष्मी दारातून परत जाते म्हनायच्या. वर कोन बघाला येतं?"

"लक्ष्मी माळ्यावरच तर राहायची," दादा म्हणाले. "भात सगळा वरच."

वहिनी चहा ठेवायला बंगल्यात गेल्या.

चहा घेताना दादांनी मला पुन्हा विचारलं, काय ठरलं? मी म्हटलं, माळ्यावरची जमीन. कणगीखालची.

दादांनी कप खाली ठेवला. "भावजी, ती काय लादी हाय? उचलाला गेलाव का भुगा."

"बघू तरी."

त्यांनी वाद घातला नाही. थापी आणि उलथणं घेऊन आम्ही दोघं वर गेलो, साठी ओलांडलेले दोन पुरुष, गुडघ्यांवर रांगत. मी रेषांच्या कडेने हळूहळू थापी सारली. ताटाएवढा तुकडा सुटला, क्षणभर माझ्या तळहातांवर राहिला आणि मधोमध मोडला. मोडल्या कडेला एकावर एक पातळ थर दिसत होते, मोजता येणार नाहीत इतके. वरचा तिचा. खालचे तिच्या आईचे असतील, आजीचे, त्याच्या खालचे कुणाचे ते सांगणारं आता कुणी नाही. सबंध घराचा इतिहास लावताना मी या जमिनीला काही विचारलंच नव्हतं. दुसरा तुकडाही मोडला. तिसऱ्याच्या वेळी दादांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "राहू द्या आता."

मी रेषांचा फोटो काढावा म्हणून मोबाइल वर धरला. उजेड सरळ पडला की रेषा पुसट व्हायच्या, तिरका पडला की दिसायच्या. फोटोत फक्त तपकिरी माती आली.

शिडीवरून वहिनींचं डोकं वर आलं. आमच्यापुढचे तुकडे त्यांनी बघितले.

"दोगं मिलून काय करताव? लहान पोरं हाव का?" मग त्यांचा आवाज खाली आला. "भावजी, मातीच ती. भिजवली का परत माती. द्या इकडं घमेल्यात."

दादांनी माझ्या हातातली थापी घेतली आणि कणगीखालची सगळी जमीन सोडवून घमेल्यात भरली. मी ती भरू दिली. मोडणार तर होतीच. चार दिवसांनी माणसं येऊन लाथेने खाली ढकलणार होती.

वहिनींनी तुळशीपाशी घमेलं उपडं केलं, पाणी ओतलं, शेजारून म्हशीचं शेण मागवलं आणि हाताने कालवायला घेतलं. तुळशीभोवतीची जागा झाडून ओली करून घेतली. माती भिजल्यावर तिला वास आला. नव्या मातीला येतो तसा नव्हता, जुन्या भाताच्या कोंड्यासारखा होता.

"लावा हात," वहिनी मला म्हणाल्या.

"मला कुठे येतं?"

"येतं कोनाला? मना लग्नानंतर शिकवलान सासूबाईंनी. बसा."

मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि बसलो. उजवा हात मातीत घातला, मग बाहेर काढला. डावा घातला. तो माझं काही ऐकत नव्हता. पहिली रेघ सरळच गेली, दुसरीत गोळा राहिला. तळहात टेकवायचा, की बोटं, की दोन्ही, हे कळेना. मग कोपर जमिनीच्या जवळ आणलं आणि हात आपोआप वळला. चंद्रकोर वेडीवाकडी होती, पण वळण तिचं होतं. मी एक एक पाऊल मागे सरकत गेलो.

दादा ओटीच्या पायरीवर बसून बघत होते.

"आई असती ना आता," ते म्हणाले.

"काय बोलल्या असत्या?"

"बोलली असती, स्वतः तर स्वतः, जावयाला पन बिघडवलान पोरीनं."

वहिनी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मीही हसलो, आणि मग मला थांबता येईना. हात मातीने भरलेले होते, त्यामुळे डोळेही पुसता आले नाहीत. दादा उठून आत गेले आणि बादलीभर पाणी घेऊन आले. ते आणायला त्यांना जरा जास्तच वेळ लागला.

दरवाजा मी नेला नाही. तुळईचं दादांनी विचारलं, तर मी म्हटलं, कुणी घर बांधत असेल त्याला द्या; एका घरातून दुसऱ्या घरात जायची तिला सवय आहे. वहिनींनी निघताना वालाच्या शेंगा बांधून दिल्या. तुळशीभोवतीची जमीन एव्हाना कडेकडेने वाळून फिकी झाली होती. माझे गोळे वहिनींनी सारखे केले नव्हते.

"पावसात जाईल वाहून," मी म्हटलं.

"जानारच," त्या म्हणाल्या. "दिवाळीला परत करावं लागतंय. येताव का?"

"येतो," मी म्हटलं. "माती भिजवून ठेवा."