जादा दोन घागरींचं कारण

मंडळी, आज सकाळी टँकरवर जे झालं, त्याला मीच जबाबदार हाय.

आमच्या बिलोलीकडच्या गावात टँकरचं पाणी घराला चार घागरी. काही घरांना मात्र सहा. वशिला असणार म्हणून मी माहितीच्या अधिकारात दोन गोष्टी मागितल्या: जादा पाण्याची यादी आणि टँकरच्या खेपांची नोंद.

काल यादी मिळाली. नुसती नावं बघितली आन् लई ऐटीत गावाच्या ग्रुपवर टाकली. शेजारच्या सुमनअक्काच्या नावापुढं कारण लिहिलेलं होतं: क्षयरोग.

आज अक्का टँकरवर आली, तशा बायांनी आपापल्या घागरी बाजूला ओढल्या. ती माझ्याकडं बघून म्हणली, "भाऊ, मला इचारलं असतं तर मीच सांगितलं असतं की." आन् रिकामी घागर घेऊन परत गेली.

यादीत लोकांचे आजार कशाला दिले म्हणून ग्रामसेवकाला जाब विचारला. "तुम्हीच मागितली होती ना माहिती?" खेपांची नोंद? "ती देता येत न्हाई. ठेकेदाराची खासगी बाब हाय."

यादी ग्रुपवरून काढली, पण तोवर सगळ्यांनी वाचली होती.

उद्या परत टँकर येईल. खरं सांगा, तुमच्या घागरीला लागून अक्काची घागर ठेवू द्याल? मला तर गावात तसं एकबी घर आठवंना.