वानखडे बाईंनी बदललेला शेवट

"सर, वानखडे बाई गेल्या," संगीताने फोनवर सांगितले. "तुम्हाले पहिले सांगावं वाटलं." संगीता आमची जुनी विद्यार्थिनी. बुलढाण्याहून बसने मी धामणगाव बढ्याला पोहोचलो, तेव्हा सारे आटोपले होते. त्याला आता दीड महिना होईल.

तेथील शाळेत बाई पाचवीला मराठी शिकवत. मी मुख्याध्यापक होतो. शनिवारचा शेवटचा तास त्या एका जुन्या बालकादंबरीला देत. मुले तिला नावाने ओळखत नसत; ते 'बाईचं पुस्तक' होते. नावाड्याच्या मुलीचा धाकटा भाऊ जत्रेत हरवतो आणि ती गावोगाव त्याला शोधत फिरते, एवढेच कथानक. भाषा जुनी, चित्रे पुसट… तरीही दरवर्षीची नवी मुले तिसऱ्या शनिवारपर्यंत त्या भावाच्या काळजीत पडलेली असत. मी याचे कारण पुष्कळ शोधले. भरल्या बाजारात धाकट्या भावंडाचा हात एकदा तरी सुटला नाही, असे मूल विरळाच. तेच कारण असावे.

एका वर्षी मी वर्गाबाहेर उभा राहून शेवट ऐकला. भाऊ एका कुंभाराच्या घरी सापडला. पुढच्या वर्षी ऐकले, तर तो बैलगाडीत बसून आपणच परत आला. मी पुस्तक तपासले. छापील शेवटात तो सापडतच नाही. मुलगी पुढच्या गावाची वाट धरते आणि पुस्तक संपते. मी बाईंना कार्यालयात बोलावले.

"बाई, छापले आहे तेच वाचायला हवे."

"सर, त्या वक्ताले पोरं पुस्तकाकडं नाही पाह्यत. माह्या तोंडाकडं पाह्यतात."

"तरीही."

"बरं. तुम्ही म्हणता तसं."

त्या वर्षी त्यांनी छापील शेवट वाचला. मी दाराशी होतो. घंटा झाली तरी कोणी जागचे उठले नाही. पुढील वर्षापासून बाईंनी ते वाचन बंद केले. मी कारण विचारले नाही, आणि निवृत्तीनंतरच्या भेटींतही आम्ही दोघांनी तो विषय टाळला. एका नियमासाठी मी त्यांचा आवाज बंद केला काय, ही शंका तेव्हापासून माझ्याजवळ आहे. तिचे उत्तर देऊ शकणारी व्यक्ती आता नाही.

शोकसभा शाळेतच झाली. ती संपल्यावर चाळिशीकडे झुकलेले, वेगवेगळ्या वर्षांचे दोन जुने विद्यार्थी वाद घालू लागले.

"कुंभाराच्या घरी सापडला बे तो."

"काहीही नको सांगू. बैलगाडीत बसून आला. तू झोपला असशील त्या दिवशी."

लोक हसले. मग दोघांनी आपापला शेवट सांगितला. भाऊ दिसण्यापूर्वी बाई आवाज खाली आणत, क्षणभर थांबत… दोघेही नेमके तेथेच, तेवढेच थांबले. मी मान वर केली नाही. वर केली असती, तर बाई दिसल्या नसत्या.

"आमच्या वर्गात सापडला नाही," संगीता म्हणाली. बाईंनी छापील शेवट वाचला, त्याच वर्षीची ती. मी विचारले, "त्यानंतर बाईंनी वाचन का बंद केले, तुला ठाऊक आहे?"

"ते मले काय माहीत, सर? पण त्या दिवशी सुट्टी झाल्यावर बाईनं फाटकापाशी एकेकाले थांबवलं. 'तुले काय वाटते, कुठं असंल तो?' मी म्हटलं, खामगावच्या बाजारात. त म्हणल्या, 'मंग बाजारात गेली का पाह्यत जाय.'" ती जराशी ओशाळली. "दोन लेकरं झाले मले, सर. अजून पाहून राह्यली."

हे माझ्या शंकेचे उत्तर आहे की नाही, मला ठरवता आलेले नाही. गेल्या आठवड्यात चष्म्याच्या कामासाठी खामगावला गेलो होतो. बाजारात गर्दी होती. केळीच्या गाडीपाशी आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा एकटा उभा होता, येणाऱ्या-जाणाऱ्यांची तोंडे न्याहाळत. त्याची आई येऊन त्याला घेऊन जाईपर्यंत मी तेथून हललो नाही. मग चष्म्याचे दुकान मागे राहिले तरी मी बाजाराच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेलो, वाटेतल्या प्रत्येक मुलाकडे पाहत.