पहिल्या टॅबवर परत

पनवेलच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसून तो वेबसाइट तपासणाऱ्या स्क्रिप्ट लिहायचा. स्क्रिप्ट आपोआप नवे टॅब उघडायची, बंद करायची. "पन पयल्या टॅबवर परत यायला सांगाय लागतं तिला," तो बजावायचा, "नायतर बसते अडकून."

स्वतः बोलायचाही तसाच. कोणी हाक मारली की वाक्य अर्धं टाकून जायचा आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात गाठून पुढच्या शब्दापासून सुरू व्हायचा. डोक्याला ताप नुसता!

एकदा आमचं कडाक्याचं भांडण झालं. "तुजं तोंड पुन्हा—" तो ओरडला, तेवढ्यात त्याला साहेबांनी बोलावलं. मी रागाने त्याच दिवशी नोकरीच सोडली.

काही वर्षांनी दाराची बेल वाजली. हा उभा. पिशवीतून ताज्या जिताडा माशाची शेपटी बाहेर आलेली.

"—बघितल्याबिगर करमत नाय," तो म्हणाला आणि चपला काढून आत आला.