मुंगी कुठं बसली?

हा खेळ माझा होता. संस्थेनं दिलेल्या पुस्तिकेत तो नव्हता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं जे झालं ते कुणी पुस्तिकेच्या माथी मारायला नको.

पदवीचा शेवटचा पेपर दिला आणि पंधरा दिवसांत मुलांच्या उन्हाळी शिबिरात आरोग्य शिक्षिका म्हणून लागले. प्रशिक्षणार्थीच होते, पण गळ्यात ओळखपत्र होतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बाबा मार्केटात पोती उचलतात. त्यांनी ते ओळखपत्र शर्टाला पुसून पाहिलं आणि आईला म्हणाले, "आता आपली पोरगी लोकायले सांगन, आन लोक आयकतीन." मला ते फार आवडलं होतं. लोक ऐकतील, हे.

शिबिर नाचणगावच्या पुढं, एका गावातल्या शाळेत होतं. मे महिना, म्हणून सकाळी सात ते दहा. बोरगाव मेघेहून मी उजाडायच्या आत निघायची. हात कसे धुवायचे, ऊन लागलं तर काय करायचं, साखर-मिठाचं पाणी, असं रोज एक काहीतरी.

पहिल्या ओळीत एक मुलगी बसायची. दहा वर्षांची असेल. घरची भाजीची वाडी. रोज सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, एक जुडी आणायची आणि वर्ग संपला की माझ्या पिशवीत खुपसायची. "तुमच्या मायले सांगजा, आमच्या वाडीचा हाय. बाजाराचा नाई." मी प्रश्न विचारायच्या आत तिचा हात वर. कधी कधी प्रश्न कोणता हेही तिला माहीत नसायचं.

आठव्या दिवशी कुष्ठरोगाचा धडा होता. आमच्या पर्यवेक्षक ताईंनी आदल्या दिवशीच बजावलं होतं, "चित्रं दाखव, प्रश्न घे, बस. कुणाच्या अंगावर फिकट चट्टा दिसला तर मला येऊन सांग. तपासणी होते ती दार लावून, एकेकाची." मी मान डोलावली. त्या दिवशी त्या दुसऱ्या गावाला गेल्या होत्या.

चित्रांवर पोरं पेंगायला लागली. मग मी त्यांच्याकडून टाळ्यांच्या तालावर एक वाक्य पाठ करून घेतलं, "ज्या चट्ट्याला स्पर्श कळत नाही, तो दवाखान्यात दाखवावा!" वर्गात जान आली. तेवढ्यात मला खेळ सुचला. घरचा कापूस कुणाच्या तरी दप्तरात होता. त्याचं टोक वळलं आणि म्हटलं, ही मुंगी. डोळे मिटायचे, मुंगी जिथं बसेल तिथं बोट ठेवायचं.

अख्खा वर्ग उठून उभा राहिला. "माह्या हातावर, ताई!" "पह्यले मी!" चौघा-पाचजणांचं झालं. मग ती आली. तिच्या डाव्या कोपराखाली रुपयाएवढा फिकट डाग होता, तो मला दिसला होता. खरं सांगायचं तर आधीही दिसला होता. जंतांचा असेल असं वाटलं होतं, आमच्याकडं असंच म्हणतात.

तिनं डोळे घट्ट मिटले. गालात हसत होती. तळहातावर मुंगी बसवली, बोट बरोबर. मनगटावर, बरोबर. मग मी कापूस त्या डागावर टेकवला.

ती तशीच उभी.

पुन्हा टेकवला. पोरं खिदळायला लागली. "बसली ना व मुंगी!"

"खोटं नोको बोलू," ती डोळे न उघडता म्हणाली. "लावा ना ताई. काऊन थांबल्या?"

तिसऱ्यांदा टेकवला आणि तिथंच धरून ठेवला. का धरून ठेवला, ते मला अजून सांगता येत नाही. हात मागं घ्यायचा होता, एवढंच करायचं होतं.

एक पोट्टा ओरडला, "तिले समजूनच नाई राह्यलं!" तिनं डोळे उघडले. आधी माझ्याकडं पाहिलं, मग आपल्या हाताकडं. कापूस हातावर होता.

आणि मागून कुणीतरी टाळी वाजवून सुरू केलं. मग सगळ्यांनीच, अगदी मी शिकवल्या तालात, "ज्या चट्ट्याला स्पर्श कळत नाही..." वाईट मनानं नव्हे. उत्तर येत होतं म्हणून. मी "चूप बसा" म्हणाले तेव्हा वाक्य संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी बसमधून उतरले तर चावडीपाशी पोरं तोच खेळ खेळत होती. ज्याला ओळखता येणार नाही, त्याला तिच्या नावानं हाक मारत होती.

पर्यवेक्षक ताईंना मी सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. "चट्टा लवकर सापडला. गोळ्या वेळेत सुरू झाल्या तर पोरगी पूर्ण बरी होईल. नाही झाल्या तर हात जाईल. आता ती दवाखान्यात येणार कशी, ते तूच बघ."

मी वाडीवर गेले. तिची आई सांभाराच्या जुड्या बांधत बसली होती. मान वर केली नाही.

"तिले काई नाई झालं. जंत हायेत."

मी सांगायला लागले की हा आजार बरा होतो, गोळ्या फुकट मिळतात, वेळेत घेतल्या तर...

"मॅडम, हात धुवाचं शिकवा तुमी पोरायले." तिनं जुडी पाटीत टाकली. "मोठीले पाहाले पाव्हणे येनार होते आयतवारी. काल फोन आला, येत नाई म्हणून. कायले येत नाई, ते नाई सांगितलं. तुमची बहीण असती, तं अशीच चार लोकायपुढं उभी केली असती का?"

माझी धाकटी बहीण तेवढीच आहे.

पोरगी दारात येऊन उभी होती. त्या उन्हात अंगात शाळेचा लांब बाह्यांचा स्वेटर.

"ताई, खरंच बसलती का मुंगी?"

"हो."

"कितीक डाव?"

"तीनदा."

तिनं स्वेटरवरून कोपर दाबून पाहिलं आणि आत गेली.

आई हातातली जुडी खाली ठेवून म्हणाली, "इथल्या दवाखान्यात नाई नेत. वर्ध्याले नेतो. भाजी घेऊन चाललो असं सांगीन. तुमी आमच्या संग बसाचं नाई. तिथंच भेटजा."

सोमवारी त्या दोघी आल्या. भाजीची पाटी खरोखरच सोबत होती. मी आधीच नंबर लावून ठेवला होता. डॉक्टर बाई चांगल्या होत्या. पोरीला स्टुलावर बसवलं, स्वेटरची बाही वर केली, कापूस घेतला.

"डोळे मिट, बाळा."

तिनं मिटले नाहीत.

"मिट ना. दुखत नाही."

"मी पाहून सांगतो."

"पाहून नाही चालत गं. मिटल्याशिवाय कळणार कसं?"

आई म्हणाली, "मिट ना व पोट्टे, बस निंघून जाईन." तिनं मान हलवली. मग माझ्याकडं बोट केलं. "या ताईले बाहीर पाठवा. मंग मिटतो."

मी बाहेर आले. दार मीच लावून घेतलं.

दाराजवळच्या बाकावर बसले. आतलं सगळं ऐकू येत होतं. आता? "हातावर." आता? "इथं, मनगटाले." आता?

आवाज नाही. आत काय चाललं आहे ते मला दिसत होतं, दार बंद असूनही. मी गळ्यातलं ओळखपत्र मुठीत धरून बसले होते.

मग तिचा आवाज आला. "लावा ना, मॅडम."

गोळ्यांचं पाकीट आईनं पाटीत तळाशी, सांभाराच्या खाली ठेवलं. जाताना मला म्हणाली, "आता गावात येऊ नोका." पोरगी तिच्या पदराच्या पलीकडून चालत होती. डॉक्टर बाईंनी पुढं एकदाच सांगितलं की त्या वेळेवर येतात. जास्त मी विचारलं नाही.

आता हेच काम मी पगारावर करते. बाबा लोकांना अभिमानानं सांगतात, आणि मलाही अभिमान आहे, नाही असं नाही. तपासणीआधी दार लावते, कडी दोनदा पाहते. समोरचं माणूस डोळे मिटतं. कापूस टेकवते आणि उत्तराची वाट पाहते. ते यायला जरा उशीर झाला की माझ्याच डाव्या कोपराखाली मुंगी बसल्यासारखं होतं. पाहते. काही नसतं.