लिंपलेल्या कोनाड्यातले फोटो

दादाची लष्करात निवड झाली त्याच उन्हाळ्यात आमच्या जुन्या खोलीच्या मातीच्या भिंतींना सिमेंटचं प्लॅस्टर करायचं ठरलं. नाशिकरोडच्या पुढे, दारणा नदीच्या अंगाला आमचा मळा. झेंडू, शेवंती आणि थोडा गुलाब. वडील पहाटे फुलं घेऊन नाशिकच्या फुलबाजारात जायचे. खुडणी आई आणि मी करायचो. आजोबा, म्हणजे वडिलांचे वडील, पंचाहत्तरी उलटली तरी खुरपं घेऊन वाफ्यात बसलेले असायचे. मी बारावीची परीक्षा देऊन घरीच होते. दादा माझ्याहून थोडा मोठा, आणि भरतीच्या निकालापासून त्याचे पाय जमिनीवर नव्हते.

आमचे मात्र होते. संध्याकाळी टीव्ही लावला की काश्मीरच्या डोंगरातली लढाई दिसायची आणि तिरंग्यात गुंडाळलेल्या पेट्या विमानातून उतरायच्या. आई उठून टीव्ही बंद करायची, वडील परत लावायचे.

गवंडी यायच्या आदल्या दिवशी आईने आणि मी बाजरीची पत्र्याची कोठी ओढून बाजूला केली. मागची भिंत आईने पहारीने ठोकून पाहिली, तर एका जागी आवाज पोकळ आला.

"उंदरांनी पोखरलंय जणू," आई म्हणाली आणि तिने पहार थोडी जोरात मारली. लिंपणाचा मोठा पापुद्रा खाली आला. आत कोनाडा होता. कुणीतरी कौलांचे तुकडे लावून, वरून माती थापून तो बुजवून टाकला होता. आत खाकी कापडाचं एक गाठोडं.

आईने हात घातला आणि लगेच मागे घेतला. "हात लावू नको. मुद्दाम ठेवलंय कुणीतरी."

तेवढ्यात दादा आत आला आणि त्याने गाठोडं ओढून काढलंसुद्धा. त्यात फोटो होते. पहिला एका स्टुडिओतला. अर्धी चड्डी, पट्टा, टोपी, हातात छडी घेतलेला एक पोरगा. त्याचे कान डोक्यापासून लांब उभे होते. आमच्या घरात सगळ्यांचे कान तसेच आहेत.

"अगं, हे आजोबा आहेत!" दादा ओरडला.

लहानपणापासून आम्हाला एवढंच माहीत होतं की महायुद्धाच्या काळात आजोबा मुंबईला गोदीत कामाला होते. दादा भराभरा फोटो पाहू लागला. बर्फात उभी खेचरं. अर्धा कोसळलेला चर्चचा मनोरा. जाड कोट घातलेले आजोबा, तोंडातून वाफ निघतेय. दादा हरखून गेला होता. शेवटचा फोटो मात्र आईने उचलला होता.

मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. जवानांचा एकत्र काढलेला फोटो. पुढची रांग मांडी घालून, मागची उभी. कपड्यांच्या गुंड्या, बुटांच्या नाड्या, सगळं स्वच्छ दिसत होतं. तोंडं नव्हती. टोकदार काहीतरी घेऊन एकेक चेहरा खरवडून काढला होता, खालचा पांढरा कागद दिसेपर्यंत. राहिले होते फक्त दोन. एक आजोबा, आणि दुसरा कडेला उभा असलेला एक किडकिडीत, हसणारा पोरगा.

"करणी आहे ही," आई म्हणाली. "भिंतीत गाडलेली. आणि पोरगं घराबाहेर निघालंय तेव्हाच बरी निघाली."

"काय करणी नि काय," दादा म्हणाला आणि स्टुडिओतला फोटो घेऊन मळ्यात पळाला. मी त्याच्या मागे गेले. आईजवळ, त्या फोटोजवळ थांबायची माझी हिंमत नव्हती.

आजोबा झेंडूच्या वाफ्यात उकिडवे बसले होते. दादाने त्यांच्या डोळ्यांसमोर फोटो धरला. "फौजेत होता होय तुम्ही! आणि आम्हाला गोदीच्या गोष्टी सांगत बसलात!"

आजोबांनी फोटो हातात घेतला नाही. "बाकीचे कुठं हायत?"

"कोण बाकीचे?"

"फोटो. भिंत कोणी फोडली?"

त्यांचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. बारीक, पोरासारखा. ते उठू लागले तसं हातातलं खुरपं पडलं, आणि दादाने त्यांना दंडाला धरलं. तेव्हा मला दिसलं की त्यांचं धोतर ओलं झालंय आणि पायाखालची मातीही. दादालाही दिसलं. त्याचं हसू तिथल्या तिथे मावळलं.

"ऊन लागलंय तुम्हाला," दादा हळूच म्हणाला. त्याने त्यांना पंपाच्या धारेखाली नेलं आणि कमरेपासून खाली पाणी ओतलं, सगळंच ओलं दिसावं म्हणून.

वडील घरी आल्यावर आईने त्यांना फोटो दाखवला आणि ते सगळं रामकुंडावर सोडून या म्हणाली. वडिलांना यातलं काहीही माहीत नव्हतं. "माझ्या बापाचे फोटो मी पाण्यात सोडणार नाही," एवढंच बोलून त्यांनी गाठोडं कपाटात ठेवलं. आईने दादावरून नारळ उतरवून टाकला. गवंड्याने कोनाड्यात वीट भरली आणि वरून प्लॅस्टर केलं.

मला मात्र त्या खोलीत एकटीला जाववेना. ते कोरे चेहरे डोळ्यांसमोर यायचे, आणि त्यांतल्या एकाला दादाचे कान असायचे. त्याहून वाईट म्हणजे मला आजोबांची भीती वाटू लागली. एवढ्या सावकाशीने, एकेक तोंड कुणी का खरवडेल? या माणसांना यांनीच तर मारलं नसेल? ज्या हातांनी त्यांनी मला फुलं खुडायला शिकवलं होतं त्या हातांकडे मी चोरून बघायची. चहा द्यायचा झाला तर कप त्यांच्यापासून जरा लांब, जमिनीवर ठेवायची. त्यांच्या ते लक्षात आलं असावं; ते हात लांबवून कप उचलून घ्यायचे.

देवळालीच्या बाजूने अधूनमधून तोफांच्या सरावाचे आवाज यायचे. आम्हाला त्याची सवय होती. खिडकीचे गज थरथरायचे, कुत्री भुंकायची, बस. अशा दिवशी आजोबा खुरपं टाकून विहिरीच्या पायऱ्या उतरून खाली जाऊन बसायचे. खाली गारवा असतो म्हणून जातात, असं आम्ही समजायचो.

काही दिवसांनी सकाळीच तोफा सुरू झाल्या. आईने चहाचा पेला माझ्या हातात दिला. "विहिरीवर असतील ते. देऊन ये." नाही म्हणायला काही कारण सुचलं नाही. मी पायऱ्या उतरले. आजोबा पाण्याच्या जरा वर, पाठ दगडाला लावून, गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. मोठा आवाज झाला की त्यांची बोटं दगडांमधल्या फटीत रुतायची. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. मला इतका घाबरलेला माणूस कधी दिसला नव्हता, आणि तो आमच्या घरातला सगळ्यात मोठा माणूस होता.

मी वरच्या पायरीवर बसले आणि विचारलं, "आजोबा, ती माणसं कोण होती?"

मला वाटलं ते रागावतील. ते पाण्याकडे बघून बोलू लागले.

"आमच्याच टोळीतली. लय लांब, गोऱ्यांच्या मुलखात. डोंगर व्हता, बर्फ व्हता. आमी खेचरांवरनं दारूगोळा वर न्यायचो. एका पडक्या घराच्या तळघरात समदे निजायचो. त्या दिशी खेचरांना पाणी दाखवायची पाळी माझी व्हती. मी वढ्यावर गेलो. माघारी आलो तर घरच नव्हतं."

पुन्हा आवाज झाला. ते थांबले.

"मग साहेब म्हणला, तू यांना वळखतो. एकेकाला बाहेर काढायचं आन् नाव सांगायचं. सांगितली नावं. समद्यांची नाय सांगता आली."

मी चहाचा पेला पायरीवर ठेवला.

"घरी आलो, लगीन झालं. फोटो काढून बसलो की त्यात नीट दिसायचे, आन् डोळं मिटलं की तसले दिसायचे. दोन्ही सोसंना. मग खुरप्याच्या टोकानं एकेक काढला. तरी दिसायचे. मग लिंपून टाकलं."

"आणि तो हसतोय तो?"

"त्याला आदल्या हप्त्यात ताप भरला म्हणून दवाखान्यात धाडलेला. पुढं मेला का जगला, मला ठावं नाय. जित्या माणसाला कसा खरवडू?"

मी त्या फोटोकडे घरी परत एकदा, नको नको म्हणत पाहिलं होतं. म्हणून विचारलं, "तुमच्या गालावरपण एक रेघ आहे त्यात."

"तुझा बाप पाळण्यात व्हता. रडाय लागला. त्याला घ्यायला उठलो. मग राहून गेलं."

याचा अर्थ मला लगेच कळला नाही. ते मेलेल्यांत स्वतःलाही धरत होते हे कळलं, तेव्हा मी त्यांच्या शेजारी खाली जाऊन बसले. "दादाला सांगा ना, जाऊ नको म्हणून. तुमचं ऐकेल तो."

"सांगितलं तरी तो जानारच. मग भिऊन जाईल. भिऊन गेलेला पोरगा तिथं टिकत नाय, पोरी. तू बी बोलू नको."

मी बोलले नाही. दादा निघाला त्या दिवशी नाशिकरोड स्टेशनवर आई रडत होती, वडील पाण्याची बाटली भरून आणायला गेले होते, आणि आजोबांनी दादाचा हात धरून एवढंच सांगितलं, "पाय कोरडे ठेव. मोजे जास्तीचे ने." दादा हसला. गाडी हलली. आता आजोबांनी सांगितलेलं मला एकटीलाच जपायचं होतं.

तो ट्रेनिंग संपवून नोकरीला लागला. दोनेक वर्षांनी सीमेवर फौजा जमू लागल्या, आणि दादाची पलटण काश्मीरमध्ये होती. आमच्या घरी तोवर फोन बसवला होता. तो वाजला की आई उचलायची नाही, मी उचलायची. मग एका महिन्यात दादाचा फोनच आला नाही. दुसरा महिना लागला तरी नाही. आई भाजीत मीठ दोनदा घालायची आणि वडील तशीच खायचे.

आजोबांनी मळ्यात जाणं सोडलं. सकाळी उठून ते रस्त्याकडेच्या बांधावर फुलांचा रिकामा क्रेट पालथा घालून बसायचे. जेवायलाही तिथून हलायचे नाहीत. मी एकदा भाकरी घेऊन गेले आणि विचारलं, "इथे उन्हात का बसता?"

"येनारा आधी मला भेटला पायजे," ते म्हणाले. "तुझ्या आईला नाय."

एका दुपारी फाट्याकडून एक मोटरसायकल आमच्या रस्त्याला वळली. आम्ही शेवंती खुडत होतो. चालवणाऱ्याची हिरवी पँट, काळे बूट आणि बारीक कापलेले केस लांबूनही दिसले. आई होती तिथे वाफ्यात खाली बसली. मी धावायला लागले. आजोबा माझ्या आधी उठून रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले होते. त्या माणसाने ब्रेक दाबला. तो उतरायच्या आधीच आजोबांनी दोन्ही हातांनी मोटरसायकलचं हँडल धरलं.

"मला सांग. हितंच सांग. हळू सांग."

तो गोंधळला. "बाबा, फौजेतल्या पोराचं घर हेच ना?"

"हेच. कोणी वळखलं त्याला? नीट वळखलं का?"

"अहो बाबा, काय बोलताय? जिवंत आहे तो! चांगला धडधाकट आहे. मी सुट्टीवर सिन्नरला चाललोय, त्याने पिशवी दिलीय तुमच्यासाठी. ओझं नको म्हणालो तर भांडला माझ्याशी. वर फोन लागत नाहीत, म्हणून काही कळवता आलं नाही त्याला."

मी पोचले तेव्हा हे सगळं माझ्या कानावर पडलं होतं. आजोबांच्या मात्र पडलं नसावं. ते हँडल सोडेनात. मी त्यांची बोटं एकेक करून सोडवली आणि प्रत्येक बोटासरशी त्यांना सांगितलं, "बरा आहे दादा. बरा आहे." शेवटी त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग त्या माणसाला म्हणाले, "च्या घेऊन जा."

पिशवीत अक्रोड होते आणि आईसाठी शाल. आई हसत आणि रडत ओट्यावर बसून बत्त्याने अक्रोड फोडत होती, वडील पाहुण्याला तेच तेच परत विचारत होते. मी गोठ्यामागे गेले. तिथे भिंतीला टेकून खालीच बसले.

त्या दिवाळीला दादा सुट्टीवर आला. वाळला होता, काळा पडला होता. त्याने काही सांगितलं नाही आणि आजोबांनी काही विचारलं नाही. आईने पुरणपोळी केली होती. आजोबा त्याच्यासमोर पाट घेऊन बसले, स्वतःचं ताट बाजूला सारलं, आणि तो पोटभर जेवून उठेपर्यंत तिथून हलले नाहीत.