गाडी गॅसवर केली त्या वर्षी

चार पुरुष बसून धोक्याचा विचार करायला लागले, की मी आजही तिथून उठते. माणसं मोठी शहाणी असतात हो, पण सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. आमच्या अंगणात हे मी महिनाभर पाहिलंय. गाडी गॅसवर करायची की नाही, याची पंचायत तिथं बसत होती तेव्हा मी मॅट्रिकला होते आणि पाण्याचे पेले भरून नेत होते.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. बाबांची जुनी पांढरी ॲम्बॅसिडर सीताबर्डीच्या स्टँडवर भाड्याला लागायची. रामटेक, काटोल, वर्धा, कुणाची वरात, कुणाचा पेशंट, जे मिळेल ते. पेट्रोल वाढतच चाललं होतं. तेवढ्यात स्टँडवरच्या दोघांनी आपल्या गाड्या गॅसवर केल्या आणि ते कमी भाड्यात जायला लागले. गिऱ्हाईक काय, स्वस्त तिकडे पळणार. बाबा सकाळी न्हाऊन-धुऊन जायचे, दिवसभर स्टँडवर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसायचे आणि रिकामी नेलेली गाडी तशीच रिकामी घरी आणायचे. जेवताना बोलायचे नाहीत. एरवी हा माणूस ताटावर बसल्या बसल्या सगळ्या नागपूरच्या गोष्टी सांगणारा.

आता गाडीसाठी गॅस काही पंपावर मिळत नव्हता. स्वयंपाकघरातलं लाल सिलिंडरच डिक्कीत आडवं टाकायचं, तिथून नळी इंजिनापर्यंत न्यायची. हे कायद्यात बसत नाही हे स्टँडला माहीत होतं, चौकातल्या शिपायालाही माहीत होतं. सारेच करून राहिले म्हटल्यावर आपल्याकडे कायद्याला कोण विचारतो!

आमच्या घरी गॅस होता. तो कशासाठी आला होता तेही सांगते. आईला दमा होता. हिवाळ्याच्या रात्री ती भिंतीला उशी लावून बसून काढायची, आणि तिची छाती वाजायची ती मला माझ्या अंथरुणावर ऐकू यायची. डॉक्टरनं सांगितलं, औषध नंतर, आधी या बाईला चुलीच्या धुरापासून उठवा. बाबांनी तेव्हा नंबर लावला. वर्षं गेली. बाबांनी किती खेटे घातले, किती जणांना नमस्कार केले, ते त्यांनाच ठाऊक. सिलिंडर घरी आलं त्या दिवशी आईनं त्याला हळदीकुंकू लावलं आणि आळीतल्या बाया निळा जाळ पाहायला ओट्याभोवती उभ्या राहिल्या. पुढे दुसरं सिलिंडरही मिळालं. त्या हिवाळ्यात आई आडवी झोपायला लागली. मला तर पहिल्या रात्री भीतीच वाटली, एवढी शांतता कशी म्हणून मी उठून तिच्या नाकाशी हात धरून पाहिला.

तर पंचायत. बाबा, त्यांचा स्टँडवरचा एक दोस्त आणि सदरकडचा एक मिस्त्री, ज्यानं त्या दोन गाड्या केल्या होत्या. दोस्ताचा विरोध होता.

"अबे, मे महिन्यात डिक्कीत पोळी भाजते आपल्या इथं," तो म्हणायचा. "तिथं तू गॅस ठेवशील? उडशील सवाऱ्यांसकट."

"काही नाही होत गा," मिस्त्री म्हणायचा. "गोणपाटाचे ओले बोरे टाकाचे वरतून. दुपारी सावलीत लावाची. सहा महिने झाले त्या दोघाइले, काही झालं काय?"

मग इंजिनचे व्हॉल्व्ह जळतात का, चढावर गाडी दम टाकते का, डिक्की गेली तर सामान कुठं ठेवायचं, शिपायानं डिक्की उघडायला लावली तर काय, हे सगळं. एक दिवस बाबांनी दुसऱ्याची गॅसवाली गाडी भर दुपारी उन्हात उभी करून ठेवली आणि मग स्वतः सिलिंडरवर हात ठेवून पाहिला. सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहिलं. मिस्त्रीला खोदून खोदून विचारलं. माझे बाबा बेफिकीर माणूस नव्हते, हे मी कुणासमोरही सांगेन. त्यांच्याइतका विचार त्या स्टँडवर कुणीच केला नसेल.

आणि त्या विचाराला चहा लागायचा. आई आतून पाठवायची. मिस्त्री एकदा बशीत ओतता ओतता म्हणाला, "वहिनींचा चहा लवकर येते बुवा, बसलो का हजर!" बाबा खूश झाले. "गॅस हाय ना घरी," म्हणाले.

त्याच गॅसबद्दल चाललं होतं हो सगळं! पण तो गॅस म्हणजे डिक्कीतला, फुटेल की नाही एवढाच. ओट्यावरचा कुणाच्या ध्यानात नव्हता. माझ्याही नव्हता, मी तर पेले उचलत होते.

शेवटी एका रात्री बाबांनी आईला विचारलं. त्या काळातल्या नवऱ्याच्या मानानं हेही पुष्कळच.

"तुले काय वाटते वं? करू का नको?"

आई भाकरीचं पीठ मळत होती. तिनं हात थांबवला. "मले काय समजते गाडीतलं? एवढंच सांगा, फुटणार तर नाही ना?"

"नाही फुटत. म्या सारं पाहून घेतलं."

"मंग करा," आई म्हणाली आणि पुन्हा मळायला लागली.

झालं. ज्या बाईसाठी तो गॅस आला होता, तिनंही गाडीचीच काळजी केली. ज्याचं जळते त्याले कळते म्हणतात ना, खोटं आहे ते. जिचं जळायचं होतं तिलासुद्धा कळलं नाही.

ठरलं असं की एक सिलिंडर गाडीत, एक घरात. पहिले काही आठवडे तसं चाललं, गाडी गॅसवर चांगली पळायला लागली. गिऱ्हाईक परत आलं. बाबा ताटावर बोलायला लागले आणि आई हसायला लागली. मग लगीनसराई आली. डिक्कीतलं सिलिंडर भराभर संपायचं आणि नवीन यायला कितीतरी दिवस लागायचे. एका सकाळी वऱ्हाड दारात उभं आणि गाडीत गॅस नाही. बाबांनी ओट्याखालचं सिलिंडर काढलं.

"दोनच दिवस, बरं का," ते म्हणाले.

"न्या ना जी," आई म्हणाली. "लोक खोळंबले."

रेशनचं रॉकेल पुरायचं नाही. आईनं माळ्यावरून भुशाची शेगडी काढली. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांना सांगते. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी धरायची, भोवती आरा मशीनवरून आणलेला लाकडाचा भुसा ठासून भरायचा, मग बाटली अलगद काढून घ्यायची. त्या पोकळीत जाळ चालतो, दुपारपर्यंत चालतो, फुकटात. पण भुसा ओलसर असला की जो धूर निघतो, तो भिंतीला धरून बसतो. आई पदर नाकाला लावून बसायची.

दोन दिवस झाले, चार झाले. सिलिंडर आलं की गाडीत जायचं. मी भांडले. मी काही गरीब गाय नव्हते. "बाबा, हे आईचं सिलिंडर हाय. तुमाले दिसत नाही काय?"

"आणतो ना वं. एवढी सराई निघू दे."

आणि ते मनापासून म्हणायचे, हीच तर चीड आहे. सराई निघाली तर देवदर्शनाची भाडी आली. पैसा जरा बरा यायला लागला तसा बाबांनी आईसाठी कुलर आणला. म्हणाले, हवा मिळेल तिले. कपाळ माझं! धूर तसाच ठेवून हवा विकत आणली. त्या ओल्या हवेनं तिची छाती आणखी भरली. आईनं मात्र आळीतल्या प्रत्येक बाईला तो कुलर दाखवला.

दिवाळी गेली आणि आई परत बसून रात्र काढायला लागली. नखं निळी दिसायला लागली तेव्हा बाबांनी भाडं सोडून तिला रामदासपेठेतल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. मी सोबत होते. डॉक्टर तरुण होते, तडतडे. छातीचा फोटो उजेडावर धरून पाहिला आणि आईला म्हणाले, "बाई, स्वयंपाक कशावर करता?"

बाबांनी मान खाली घातली. मी तोंड उघडलं. आईनं माझा दंड असा दाबला की तिची बोटं उमटली.

"गॅस हाय ना जी घरी," ती म्हणाली. प्रत्येक शब्दाला दम लागत होता. "यायनंच आणला माह्यासाठी. मलेच भेव लागते त्याचं. मी शेगडीच पेटवतो."

डॉक्टर काय चिडले! घरात गॅस असून धुरात बसता, नवऱ्यानं सोय केली त्याची किंमत नाही, अशा बायांना काय म्हणावं. चांगलं सुनावलं तिला. ती मान हलवत राहिली, हो जी, हो जी. बाबा फोटोचं पाकीट धरून उभे होते. एक शब्द, एकच शब्द बोलायचा होता.

घरी आल्याबरोबर त्यांनी डिक्कीतलं सिलिंडर काढलं, स्वतः खांद्यावर वाहून आत नेलं आणि ओट्याखाली लावलं. गाडी पेट्रोलवर आणली. हे त्यांनी कुणी न सांगता केलं, तेही लिहिलंच पाहिजे. पण आई त्या ओट्यापाशी पुन्हा उभी राहिली नाही. स्वयंपाक मी करायचे. ती पलंगावर बसून विचारायची, जाळ निळाच आहे ना, पिवळा नाही ना. पुढचा पावसाळा तिनं पाहिला नाही.

तेरवीला नातेवाईक जमले. पंगतीत माझी एक आत्या चारचौघींना सांगत होती, "घरात गॅस होता, दोन-दोन सिलिंडर. पण वहिनी जुन्या वळणाची. हट्टानं धुरात बसली आन गेली. काहून करते बाई असं?"

बाबा वाढत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, सगळ्या पंगतीनं पाहिलं. वरणाचं भांडं हातात धरून ते उभे राहिले.

"भेव लागे तिले," बाबा म्हणाले, आणि पुढच्या पानाकडे वळले.